गवतातून बाकापर्यंत

मित्रांनो, बोलायला लागण्याआधी मला क्षणभर टेकू द्या. आत्ताच बाकापर्यंत जाऊन आले आहे, आणि माझ्या वयात बाकापर्यंत जाऊन येणे म्हणजे काही खेळ नव्हे.

मी हिरवळ कापायची एक जुनी गाडी आहे, हाताने ढकलायची. मला दोरी ओढून सुरू करावे लागत नाही आणि माझ्या पोटात कोणी पेट्रोलही ओतत नाही. दोन लोखंडी चाके, त्यांच्या मध्ये पीळ दिलेली पाती, खाली एक न हलणारे पाते, मागे लाकडी रूळ आणि माणसाच्या हाती येणारा दांडा. एवढाच माझा संसार. कोणी ढकलले की चाके फिरतात, चाकांबरोबर पाती फिरतात आणि गवताचा शेंडा कात्रीत सापडावा तसा कापला जातो. कोणी ढकलले नाही, की मी नुसती उभी. माझे सगळे आयुष्य कोणाच्या ना कोणाच्या खांद्यांच्या बळावर गेले. म्हणूनच माणसांच्या खांद्यांविषयी मला जेवढे कळते, तेवढे त्यांच्या शिंप्यालाही कळत नसेल.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात लालबुंद रस ओतला गेला आणि थंड होता होता माझी चाके तयार झाली. तिथल्या तपासनिसाची एक पद्धत होती. जुन्या वर्तमानपत्राची पट्टी तो पात्यांमध्ये धरायचा आणि चाक हळूच फिरवायचा. कागद चुरगळला तर गाडी परत. कागद सरळ कापला गेला तर गाडी पास. माझा कागद असा कापला गेला, की त्याने तो तुकडा उचलून शेजारच्याला दाखवला. तरुणपणी कौतुक झाले की ते जन्मभर लक्षात राहते, माझ्याही राहिले आहे.

तिथून मी एका इस्पितळाच्या बागेत गेले. तिथला माळीबुवा माझ्याशी घरच्या माणसासारखा बोलायचा. "हे बघ बाई, आपण गवताचे केस कापायचे, मान नाही," असे म्हणून तो माझा रूळ असा बसवायचा, की फक्त वरचे शेंडे कापले जावेत. कापलेले गवत तो गोळा करत नसे. ते तिथेच पडायचे, वाळायचे आणि मातीत मुरून जायचे. बरे होत आलेले रुग्ण पायांतल्या चपला काढून त्या हिरवळीवर बसत. एकदा मोठे डॉक्टर जाता जाता म्हणाले, "वा, गालिचाच आहे की!" माळीबुवा मला पुसता पुसता पुटपुटला, "ऐकलंस का गं? तुझ्याबद्दल बोलतायत."

पुढे माळीबुवा गेला. त्याच्या जागी इंजिनाची गाडी आली आणि मला मोडक्या खाटांच्या मागे ढकलून देण्यात आले. गंज हळूहळू चढला. पावले दाराशी यायची, कोणी खाट ओढून काढायचे, दार बंद व्हायचे. शेवटी एके दिवशी ती सगळी खोलीच रिकामी करण्यात आली आणि मी भंगाराच्या दुकानात येऊन पडले.

तिथे मला घड्याळजी भेटले.

घड्याळजी पितळेचे जुने तुकडे शोधायला आले होते. बाजारपेठेत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि मोडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. त्यांनी माझे चाक बोटाने ढकलले. ते कुरकुरले, पण हलले. त्यांनी मला उचलून घरी आणले.

घर लहान होते. मागे स्वयंपाकघराचे दार, दारापुढे पायऱ्या, पायऱ्यांपुढे हिरवळीचा तुकडा, आणि पार पलीकडे झाडाखाली एक लाकडी बाक. त्यांची बायको दारातच उभी होती.

"अहो, घरात बंद पडलेली एवढी घड्याळं आहेत, ती कमी होती म्हणून हे आणलंत?"

"हे बंद पडलेलं नाहीये गं. रुसलंय नुसतं."

"मग तुम्हीच काढा त्याचा रुसवा. मी तुमचाच काढून दमलेय."

त्यांनी तो काढला. रॉकेलने गंज पुसला, वंगण घातले, पात्यांना धार लावायचे मलम लावून ती उलटी फिरवली आणि मग, मित्रांनो, त्यांनी कागदाची पट्टी घेतली! इतक्या वर्षांनी माझ्या पात्यांत पुन्हा कागद आला आणि पुन्हा सरळ कापला गेला. घड्याळजी मिशीत हसले.

पण ढकलायला ते पहिल्याच दिवशी गेले आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले. मग दांडा बाईंच्या हाती आला, तो कायमचाच. मी त्यांना मनातल्या मनात बाई म्हणते. त्या टेलिफोनच्या कचेरीत कामाला होत्या. दिवसभर लोकांच्या तारा जोडायच्या आणि घरी आल्या की पदर खोचून मला बाहेर काढायच्या. त्यांची लेक छबी तेव्हा फ्रॉकमध्ये होती. कापलेल्या गवतात लोळून ती हिरवे गुडघे घेऊन घरात जायची आणि ओरडा खायची.

बाईंनाही सुरुवातीला हिरवळ कळत नव्हती. पुन्हा पुन्हा कापायला नको म्हणून त्या गवत पार मुळापर्यंत उतरवायच्या. मग ते पिवळे पडायचे, म्हणून रोज भर दुपारी पाणी घालायच्या. कापलेले गवत झाडून, पोत्यात भरून बाहेर टाकायच्या. त्यांना शहाणे केले ते त्यांच्या दमण्याने. एकदा थकून त्यांनी एका कोपऱ्यातले गवत झाडलेच नाही, तर पुढे तोच कोपरा सगळ्यांत हिरवा झाला. एकदा आजारपणामुळे बरेच दिवस गवत उंच राहिले, तर त्याच्या सावलीत माती ओली राहिली आणि पाणी कमी लागले. मग त्यांनी रूळ खाली केला, मला वर उचलले. पाणी पहाटे, रोज नाही, पण एकदा घातले की मुळापर्यंत जाईल असे. भिंतीकडची एक कड तर त्यांनी कापायचीच सोडून दिली. तिथे बारीक पांढरी फुले आली, फुलांवर मधमाश्या आल्या. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अगं, ते रान तेवढं काढून टाक की." बाई म्हणाल्या, "राहू दे. तेवढीच मला सुट्टी."

अशी वर्षे गेली. छबीचे लग्न झाले, ती दूरच्या शहरात गेली. बाईंची नोकरी संपली. माझा रंग उडाला. आणि घड्याळजींचे डोळे अधू झाले.

आधी त्यांना सेकंदकाटा दिसेनासा झाला. मग मिनिटकाटा. पुढे डॉक्टरांनी सांगितले, की आता यात करण्यासारखे काही उरलेले नाही. दुकान बंद झाले. घड्याळजी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहू लागले. हातात एखादे घड्याळ असायचे, त्याला ते किल्ली द्यायचे आणि कानाशी धरायचे. बाई हात धरून अंगणात नेऊ लागल्या, तर झिडकारायचे. "मला काय लहान मूल समजतेस? दिसतंय मला." छबीचा फोन आला की म्हणायचे, "दिसतं की गं. थोडं धूसर आहे, एवढंच." बाई शेजारी उभ्या राहून ऐकायच्या. त्यांना तोंडातून शब्द काढायची बंदी होती.

एका संध्याकाळी बाईंनी मला बाहेर काढले. पायऱ्यांपासून बाकापर्यंत एक पट्टा कापला, बाकापासून पायऱ्यांपर्यंत त्याला चिकटून दुसरा कापला आणि त्यांचा उजवा खांदा असा काही भरून आला, की त्यांनी मला तिथेच सोडले आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. उरलेले गवत तसेच उभे राहिले, घोट्याइतके.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी कठडा धरून पायऱ्या उतरले. चपला सापडल्या नव्हत्या, म्हणून अनवाणीच. एक पाऊल टाकले. थांबले. पाय डावीकडे सरकवला, तर तळव्याला उंच, दवाने ओले गवत लागले. पाय परत आणला, तर कापलेले आखूड गवत. पुन्हा डावीकडे. पुन्हा परत. मग ते चालू लागले. सावकाश, पण हात न चाचपडता, सरळ. बाकाला गुडघा लागला तसे बसले आणि तिथूनच ओरडले,

"अगं, ही वाट तू केलीस?"

बाई दारात आल्या. त्यांचा नवरा कित्येक महिन्यांनी, कोणाचाही हात न धरता, झाडाखाली बसला होता. त्या म्हणाल्या, "हो, मीच केली." खांद्याचे त्या बोलल्या नाहीत.

तेव्हापासून ती रीत पडली. वाटेपुरती मी खाली, बाकीच्या हिरवळीवर वर. माझा रूळ गवताला एका दिशेने निजवतो. म्हणून जायची पट्टी पायाला मऊ लागायची आणि उलट दिशेने तीच खरखरीत. आपण घराकडे तोंड करून आहोत की बाकाकडे, हे घड्याळजींना तळव्यानेच कळायचे. रोज सकाळी ते एकटे बाकावर जायचे, पाखरे ऐकायचे आणि एकटे परत यायचे. सगळ्या जगात तेवढीच एक वाट त्यांची स्वतःची उरली होती. ती बुजू नये म्हणून बाई मला ढकलत राहिल्या. दांड्यावरची त्यांची उजवी पकड सैल होत चालली होती, आणि ते फक्त मला ठाऊक होते.

मग एकदा छबी आणि जावई चार दिवस राहायला आले.

जावई फार चांगला माणूस. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही त्याच्यावर रागावणार नाही. तो उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचा. लिफ्टचा तळ आणि मजल्याची फरशी एका पातळीत आलीच पाहिजे, नाहीतर माणूस ठेचकाळतो, हे त्याच्या हाडीमाशी भिनले होते. तो मागच्या दारात उभा राहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, हे काय? इथे गवत घोट्याएवढं, तिथे आखूड, त्या भिंतीशी तर जंगलच. बाबांना आधीच नीट दिसत नाही. एखाद दिवशी पाय अडकून पडतील."

"राहू द्या हो, जावईबापू. कशाला त्रास?"

"त्यात त्रास कसला!"

छबी वडिलांना त्यांची कंबर दाखवायला डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेवढ्यात जावयाने गाडीच्या डिकीतून एक नवेकोरे, पेट्रोलवर चालणारे यंत्र काढले. सासूसाठी म्हणून मुद्दाम आणलेले. बाईंचा चेहरा उतरला. सांगायचे तर घड्याळजींचे गुपित फुटणार. आणि न सांगावे तर वाट जाणार.

"अहो, खरंच राहू द्या. तुम्ही पाहुणे माणूस."

"म्हणजे मी अजून परकाच का?" जावई हसून म्हणाला आणि त्याने दोरी ओढली.

त्या आवाजात बाई तिसऱ्यांदाही "राहू द्या" म्हणाल्या. ते मीच काय ते ऐकले, आणि तेही ओठांवरून.

धूर निघाला. पाखरे उडून गेली. भर दुपारच्या उन्हात जावयाने सगळी हिरवळ एका पातळीत आणली. वाट, वाटेची कड, फुलांचा कोपरा, सगळे. कापलेले गवत पोत्यांत भरून दारापाशी रचले. मग त्याने मला उचलून कुंपणाच्या फाटकाशी आणून ठेवले आणि रस्त्याने जाणाऱ्या भंगारवाल्याला सांगितले, "उद्या सकाळी येऊन घेऊन जा." बाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "छान झालं हो," त्या म्हणाल्या. आणखी काय म्हणणार?

घड्याळजी परत आले आणि दारातच थांबले. "पेट्रोलचा वास कसला?" बाईंनी सांगितले. त्यांनी दाराची चौकट धरली. मग म्हणाले, "बरं झालं. व्यवस्थित दिसत असेल."

सकाळी ते नेहमीसारखे पायऱ्या उतरले. रोजचेच आहे, पायांना ठाऊक आहे, असे त्यांना वाटले असावे. फाटकाशी उभी राहून मी बघत होते. पहिली काही पावले सरळ पडली. मग उजवा पाय बाजूला गेला, तिथे अडवायला काही नव्हते. डावा गेला, तिकडेही नव्हते. सगळीकडे तेच टोचरे, कोरडे खुंट. ते वळले. पुन्हा वळले. आणि एकदा असे गरगर फिरल्यावर घर कुठे नि झाड कुठे, सगळेच गेले. हात पुढे करून चालत ते काटेरी कुंपणात शिरले. मित्रांनो, मला चाके आहेत, पण ढकलणारे कोणी नव्हते.

त्यांनी हाक मारली नाही. हात काट्यांतून सोडवले आणि होते तिथेच खाली बसले.

जावई दात घासत बाहेर आला. "बाबा! असे मातीत का बसलात?"

"बसलो जरा."

"अहो, हाताला रक्त येतंय!"

बाई धावत आल्या. जावयाने एकदा सासऱ्यांकडे पाहिले, एकदा कुंपणाकडे, आणि हळू आवाजात विचारले, "आई, बाबांना किती दिसतं?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. जणू परवानगी मागत होत्या, आणि मग लक्षात आले असावे, की नुसते पाहून ती आता मिळत नाही.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"सांगून टाकलंस ना शेवटी," घड्याळजी म्हणाले. पण त्यात राग नव्हता. "जावईबापू, तुम्ही ज्याला खालीवर म्हणता ना, ती माझी भिंत होती. उंच गवत म्हणजे भिंत, कापलेलं म्हणजे बोळ. त्या बोळातून मी जायचो."

"मी सगळं एका पातळीत आणलं, बाबा. तुम्ही अडखळू नये म्हणून."

"आणलंत खरं. इतकं एका पातळीत आणलंत, की मला माझं घरच सापडेना."

जावयाच्या ओठांवरचा फेस तसाच वाळत होता. तो म्हणाला, "मी फरशी घालून देतो. बाजूला कठडा करतो. लगेच."

"फरशी उन्हात पोळते, दवात घसरते, आणि तिच्यावर माझे पाय मुके होतात. मला इस्पितळात राहायचं नाहीये हो. अंगणात जायचंय."

ते सगळे जखमा धुवायला आत गेले, आणि नेमका तेव्हा भंगारवाला आला. सांगितल्याप्रमाणे त्याने मला हातगाडीवर टाकले. त्याची काय चूक?

तेच दुकान नव्हते, पण तसेच होते. लोखंड एकीकडे, लाकूड दुसरीकडे. माझा दांडा लाकडाचा म्हणून तो उपसून काढला गेला आणि माझ्यादेखत त्याचे दोन तुकडे झाले. बाईंच्या हातांनी तो गुळगुळीत झाला होता. मी डोळे मिटले असते, पण आम्हा लोखंडाला ती सोय नाही.

दुपारी जावई घरातल्या सपाता घालूनच तिथे येऊन पोहोचला.

"सकाळी नेलेली ती गवताची गाडी कुठंय?"

"तुम्हीच म्हणालात ना, घेऊन जा?"

"म्हणालो होतो. आता परत द्या म्हणतोय."

"साहेब, घरी बायकोला विचारून मग भंगार काढत जा," भंगारवाला ढीग उपसत म्हणाला.

"बायकोला विचारलं होतं. सासूबाईंना विचारायचं राहिलं."

मला ओळखायला त्याला वेळ लागला. दांड्यावाचून मी मलाही ओळखू आले नसते.

मी घरी आले, मित्रांनो, पण त्याने काय होणार? वाट कापायची, तर आजूबाजूला कापण्याजोगे गवत उभे असायला हवे. हिरवळीचा रंग चार दिवसांत पोत्यासारखा झाला. मुळांवर ऊन आले होते, माती भेगाळली होती. छबी आणि जावई आपल्या घरी गेले. पेट्रोलचे यंत्र ते परत घेऊन गेले. ते यंत्र वाईट नव्हते हो. त्याला जिथे नेले तिथे ते गेले, जसे आम्ही सगळेच जातो.

घड्याळजी पुन्हा खुर्चीत बसले. या वेळी त्यांनी किल्ली द्यायला घड्याळही मागितले नाही. बाई पहाटे उठून नळी धरायच्या. दारापाशी राहिलेली पोती त्यांनी उघडली. आतले गवत गरम होऊन आंबले होते, ते उन्हात वाळवून त्यांनी मूठमूठ करून हिरवळीवर पसरले, मातीला ऊन लागू नये म्हणून. डाव्या हाताने, कारण उजवा आता खांद्याच्या वर जात नव्हता. शेजारीण म्हणाली, "नवीन हिरवळ आणून अंथर की. दोन तासांचं काम." बाई म्हणाल्या, "मुळं जिवंत आहेत. येईल." पण त्या रोज गुडघे टेकून बघायच्या आणि रोज उठताना त्यांना जास्त वेळ लागायचा. कित्येक आठवडे असे गेले. मी दांड्याविना शेडमध्ये पडून होते. दोघी म्हाताऱ्या, दोघींच्या हाती काही नाही.

हिरवे टोक आधी दिसले ते पायऱ्यांपाशी. मग भिंतीच्या कडेला. मग इथे तिथे ठिपके, आणि हळूहळू ठिपक्यांना ठिपके मिळाले.

गवत घोट्याला लागले, त्या सुट्टीत जावई आला. येताना त्याने माझ्यासाठी दांडा आणला होता. लिफ्टमध्ये म्हाताऱ्या माणसांना धरायला बसवतात, तसला चकचकीत, गोल. त्याने तो माझ्यावर घट्ट बसवला. घड्याळजींना अंगणात आणून खुर्ची दिली आणि माझी पाती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बोटांनी चाचपून स्क्रू पिळले, मलम लावले, पाती उलटी फिरवली. मग म्हणाले, "कागद." जावयाने वर्तमानपत्राची पट्टी दिली. कापण्याचा आवाज घड्याळजींनी कान लावून ऐकला. "अजून चालते," ते म्हणाले. माझी पाती झिजून झिजून आता किती पातळ झाली आहेत, हे त्यांच्या बोटांना कळलेच असणार.

घड्याळजी हातांचे मलम धुवायला आत गेले, आणि बाईंनी सवयीने दांड्याला हात घातला. जावई म्हणाला, "आई, मी ढकलतो."

"राहू द्या हो, कशाला त्रास?"

तो थांबला. मागच्या वेळी इथेच चुकले होते. "आई, खरं सांगा. हे राहू द्यायचंच आहे, की म्हणायचं म्हणून म्हणताय?"

बाईंनी दांड्यावरचा हात काढून घेतला.

"ढकला तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझा खांदा गेलाय हो."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

जावयाचे हात नवखे. त्याने मला नेले, पण सरळ काही नेले नाही. लिफ्टला वरखाली जायला लोखंडी रूळ असतात, हिरवळीला नसतात. मध्ये आम्ही एकदा डावीकडे भरकटलो, मग घाबरून उजवीकडे आलो. बाई बाकापर्यंत पुढे जाऊन "इकडे, इकडे" असे हाताने खुणावत राहिल्या आणि आम्ही पोहोचलो, तेव्हा पाय दुखले म्हणून त्या तिथेच बाकावर बसल्या. आम्ही शेजारची परतीची पट्टी कापून पायऱ्यांशी आलो. घड्याळजी बाहेर आले आणि त्यांनी चपला काढल्या.

ते निघाले. डाव्या पायाने भिंत चाचपली, उजव्याने चाचपली. वळणापाशी ते थबकले, तेव्हा जावयाने दांडा घट्ट धरला. त्याची पकड मला दांड्यातून कळत होती. ते वळले. पुढे गेले. बाकाला गुडघा लागला, त्यांनी टेकायला हात पुढे केला, आणि तो बाईंच्या हातावर पडला.

"कोण?"

"मीच."

"तू इथे कशी? मग गाडी कोणी ढकलली?"

"जावईबापूंनी."

"वाटलंच मला. मधल्या वळणावर मी जवळजवळ शेजारच्यांकडे चहाला गेलो होतो." ते चाचपत तिच्या शेजारी बसले. बसताना त्यांचा हात तिच्या उजव्या खांद्याला लागला तशी ती कळवळली. ते म्हणाले, "खांदा ना?"

"हं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. म्हणून तर तेव्हा वाटच तेवढी कापली होती. पुढचं झेपलं नव्हतं."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुम्ही घरात बसला असता."

घड्याळजी थोडे सरकले, तिला टेकायला जागा केली. इतकी वर्षे त्या बाकावर एकच माणूस बसायचा, कारण दुसरा नेहमी माझ्या मागे असायचा.

ती वाकडी वाट अजून आहे. मोकळी सुट्टी मिळाली की जावई येतो, एरवी शेजारीण हात लावते. वाट सरळ करू का, असे जावयाने एकदा विचारले, तर घड्याळजी म्हणाले, "आता राहू द्या. आणि हे खरं राहू द्या आहे." फुलांचा कोपराही परत आला आहे. मधमाश्या आता आहेत, मागच्यापेक्षा कमी, पण आहेत.

मी मात्र दमले आहे, मित्रांनो. आणखी थोड्या वेळा धार लावली की माझ्या पात्यांत धार लावण्याजोगे काही उरणार नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुमच्या अंगणात वितीएवढी जरी हिरवळ असली, तरी एवढे माझे ऐका. तिचे केस कापा, मान कापू नका. तिचे तिला परत द्या, पोत्यात कोंबू नका. पाणी पहाटे घाला. एखादा कोपरा न कापता सोडा. कापण्याआधी तिथे रोज कोण चालते ते विचारा. आणि काम झाले, की दांडा ठेवणाऱ्या माणसाला विचारा, खांदा दुखतो का. नाही म्हणाले, तर थोडे थांबून पुन्हा विचारा.